मुलांच्या हातातला तारा हिसकावू नका



आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आपण पहिली जांभळी मेणबत्ती पेटवली. त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा झाली, "सर, यंदा बिस्किटांची स्पर्धा कधी?" मी लिहिलं, "यंदा स्पर्धा नाही." त्यावर दोन दिवस माझा फोन वाजत राहिला. कुणी म्हणालं, मुलं हिरमुसली आहेत. कुणी म्हणालं, सामान आणून ठेवलंय. एका पालकांनी स्पष्टच विचारलं, "मुलांच्या आनंदावर तुमचा एवढा राग का?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सगळ्यांना देतो. राग आहेच. पण तो मुलांवर नाही, त्यांच्या आनंदावर तर नाहीच. तो आपल्यावर आहे, आणि आपल्यात पहिला मी.

गेल्या वर्षीची स्पर्धा आठवा. गट चार ते आठ वर्षांच्या मुलांचा. नियम एकच होता, मुलांनी घरी केलेली साच्याची बिस्किटं आणायची. हॉलमध्ये लांब टेबल मांडलं, पांढरी चादर अंथरली, ताटं ओळीने लागली. परीक्षक तिघं होतो. पहिलं बक्षीस ज्या ताटाला मिळालं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पांढऱ्या आयसिंगचे हिमकण, प्रत्येकावर चंदेरी मणी, एकही कड फाटलेली नाही. आपल्या बेळगावात बर्फ पडलेला कुणी पाहिला नाही, पण ताटात तो सुरेख पडला होता. बक्षीस देताना मी त्या सात वर्षांच्या मुलीपुढे माइक धरला आणि विचारलं, "बाळ, यात तू काय काय केलंस?" तिने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं बोलायचं असं आपणच वर्गात शिकवतो, म्हणून ती खरं बोलली. "सर, मी झोपले होते."

सगळा हॉल हसला. मीही हसलो आणि बक्षीस तिच्या हातात दिलं.

टेबलाच्या अगदी शेवटी एक स्टीलचा डबा होता. त्यात सहा-सात बिस्किटं. दोन करपलेली, एक उंट म्हणून केलेलं पण कुत्र्यासारखं दिसणारं, आणि एक तारा, चारच टोकांचा. त्या डब्याला आम्ही तिघांनी मिळून किती गुण दिले ते सांगायला लाज वाटते. टेबलं आवरताना डबा न्यायला पाच वर्षांचा मुलगा आला. मी सहज विचारलं, "ताऱ्याचं पाचवं टोक कुठे गेलं रे?" तो म्हणाला, "आजीने चाखलं. भाजलंय का बघायला." मग तो थांबेना. पीठ बोटांना कसं चिकटलं, आजीने करंजीच्या कातणाने तारा कसा कापू दिला, हा तारा पुढे आणि मागी लोक मागे, ते खूप लांबून आले, त्यांना वाटेत वाईट राजा भेटला, पण ते घरी दुसऱ्या वाटेने गेले. मत्तयच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय त्या मुलाने मला उभ्याउभ्या ऐकवला. मी तोच धडा वर्गात दोन वर्षं फळ्यावर चित्रं काढून शिकवत होतो. आजीने तो एका संध्याकाळी पोळपाटावर शिकवला होता.

त्या दिवशी गुण देण्यात चूक झाली, हे मला घरी जाताना कळलं. पण चूक नुसत्या गुणांची नव्हती. आपण मुलांच्या नावाने मोठ्यांची स्पर्धा भरवली होती. मुलांना आपण त्यांच्याच सणातून उठवून झोपायला पाठवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाताळच्या तयारीत मुलांचा हात खरोखर लागला पाहिजे, आणि त्या हाताने जे होईल ते आपण दुरुस्त न करता ताटात ठेवलं पाहिजे. बाकी सगळं याच्या खाली येतं. सुबकपणा, फोटो, बक्षीस, आणि पाहुणे काय म्हणतील हेसुद्धा.

मार्कच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय उघडा. लोक लहान मुलांना प्रभूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. शिष्यांचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. गुरू थकले असतील, मोठी माणसं महत्त्वाचं काही विचारत असतील, मधे पोरांची किलबिल नको, सगळं नीट पार पडावं, एवढंच त्यांच्या मनात असेल. आपल्याला अगदी पटेल असा हा विचार आहे. पण मार्क सांगतो की हे पाहून येशूला राग आला. शुभवर्तमानात प्रभूला राग आल्याचे प्रसंग थोडे आहेत, आणि त्यातला एक या गोष्टीवरून आहे, हे आपण विसरतो. मुलांना बाजूला सारणारे शत्रू नव्हते, परुशी नव्हते. ते प्रभूचे जवळचे, कामसू आणि व्यवस्थित लोक होते. थोडक्यात, धर्मग्रामातले स्वयंसेवक. म्हणजे आपण.

आता तुमचे आक्षेप घेतो. फोनवर ऐकलेले सगळे.

पहिला आक्षेप: "बिस्किटांचा आणि धर्मशिक्षणाचा काय संबंध? मुलांना प्रार्थना शिकवा, दहा आज्ञा शिकवा. हे खेळ घरी होतील."

होतील का? गेल्या वर्षी तर घरीही झाले नाहीत. आणि संबंध आहे, फार जुना आहे. निर्गमच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगताना मोशे म्हणतो की तुमची मुलं विचारतील, या सगळ्याचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. क्रम बघा. आधी घरात काहीतरी चाललेलं आहे, कोकरू आहे, बेखमीर भाकर आहे, घाई आहे. मुलाला ते दिसतं, त्याच्या नाकात तो वास जातो, मग तो विचारतो, मग आईबाप सांगतात. आपण क्रम उलटा केला आहे. ज्याचा प्रश्न पडलाच नाही त्याचं उत्तर रविवारी पाऊण तास सांगतो, आणि घरात प्रश्न पडावा असं काही शिल्लक ठेवत नाही. सगळं खोक्यातून येतं.

यिर्मयाच्या सातव्या अध्यायात एक विचित्र दाखला आहे. संदेष्टा लोकांवर संतापला आहे, कारण ते परक्या देवतेसाठी पोळ्या भाजतात. त्यात तो वर्णन करतो की मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात आणि बायका कणीक मळतात. मूर्तिपूजेबद्दल संदेष्ट्याचा संताप योग्यच आहे. पण मी धर्मशिक्षक म्हणून ते वाचतो तेव्हा मला खाली मान घालावी लागते. त्या चुकीच्या देवतेसाठीसुद्धा सगळं घर कामाला लागलं होतं, मुलांना त्यांचं काम होतं आणि बापांनाही. आपण खऱ्या देवाचा सण साजरा करतो, आणि मुलं मोबाइल बघत असतात, बाप बाहेर असतो, आई एकटी रात्री बारा वाजता आयसिंग करत असते.

असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाणी उभी केली. त्याला प्रवचन करता येत नव्हतं म्हणून नव्हे. बेथलेहेममध्ये बाळाची काय अवस्था होती ते लोकांनी डोळ्यांनी पाहावं असं त्याला वाटलं. आज आपण घरोघर गोठा करतो तो त्या परंपरेतला आहे. गोठ्यासाठी माती कालवताना मुलांचे हात बरबटले तर चालतात. मग मैद्याने बरबटले तर काय बिघडलं?

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि आईबाप हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक आहेत हे सांगितलं. मी पहिला नाही. मी फार तर तिसरा-चौथा. आजी माझ्या आधी येते, हे त्या चार टोकांच्या ताऱ्याने मला दाखवलं.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने आला, आणि तो वडीलधाऱ्यांचा आहे: "साच्याची बिस्किटं हे गोऱ्या लोकांचं खूळ. आपल्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळ्या, कुलकुल, दोदोल. ते सोडून हे कशाला?"

काका, तुमच्या म्हणण्यातलं अर्धं मला मान्य आहे. कुलकुलं तर मुलांचंच काम होतं. पीठ आई मळायची आणि आम्ही सगळी भावंडं काटा-चमचे नाहीतर नवीन कंगवा घेऊन गोल बसायचो, त्यावर गोळी दाबून वळायचो. कुणाचं कुलकुल जाड, कुणाचं बारीक, तळल्यावर सगळी एकाच डब्यात. ते सोडा असं मी म्हणत नाही. ज्या घरी कुलकुलं होतात त्यांनी तीच करावीत. पण किती घरी होतात? विकतचं पाकीट आणून ताटात ओतायचं आणि परंपरेच्या नावाने बिस्किटांना नावं ठेवायची, हा न्याय नव्हे.

बिस्किटं बाहेरून आली हे खरं. जर्मनीत नाताळच्या सुमारास कोरीव लाकडी साच्यांवर पीठ दाबून बिस्किटं करायची पद्धत कित्येक शतकांची आहे. त्या साच्यांवर बायबलमधले प्रसंगही कोरलेले असत. हॉलंड आणि बेल्जियममध्ये संत निकोलसच्या सणाला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्या संताच्या आकाराची मसाल्याची बिस्किटं करतात. म्हणजे तिथेही साचा आला तो संताची गोष्ट सांगायला. बाहेरून आलेलं म्हणून टाकायचं तर बटाटा, मिरची आणि पाव आधी टाकावे लागतील. आपली नानकटाईसुद्धा सुरतेची, आणि तिचं नातं डचांच्या बेकरीशी सांगतात. माझ्या लहानपणी डिसेंबरात आणि मे महिन्यात आम्ही रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो. तिथला माणूस पीठ मळायचा, आम्ही पोरं बाकावर बसून वाट बघायचो, आणि पत्रा भट्टीत जाण्याआधी प्रत्येक बिस्किटावर टुटीफ्रुटीचा एक तुकडा दाबायचं काम आमच्याकडे असायचं. तेवढंच काम. पण गरम डबा घेऊन घरी येताना ती बिस्किटं मी केलेली असायची, बेकरीवाल्याने नव्हे. चाळीस वर्षं होत आली, तो लाल तुकडा कुठे दाबला होता ते मला आठवतं. तुमच्या मुलांना चाळीस वर्षांनी काय आठवावं असं तुम्हांला वाटतं?

तिसरा आक्षेप: "वेळ नाही, ओव्हन नाही, पसारा कोण आवरणार?"

ओव्हन नाही म्हणणाऱ्यांची मी मनापासून माफी मागतो, कारण आपल्या स्पर्धेने तुम्हांला गप्प बसवलं. ताटं किती आली ते आपण मोजलं. वर्गातल्या किती मुलांची ताटं आली नाहीत ते कुणी मोजलं नाही. लोणी, आयसिंगचे रंग, साच्यांचा संच, ओव्हन, एवढं ज्यांच्याकडे आहे त्यांच्याच मुलांना नाताळची बिस्किटं येतात, असा संदेश आपण गोठ्यात जन्मलेल्या प्रभूच्या नावाने दिला. घरकाम करून रात्री आठला परतणाऱ्या आईने हिमकण कुठून आणायचे?

म्हणून जे घरी कुणालाही जमेल ते सांगतो. मी पोळीसुद्धा धड न लाटणारा माणूस आहे. मला जमलं, तुम्हांला जमेलच.

250 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, चिमूटभर मीठ, थोडी वेलची पूड किंवा व्हॅनिला. आधी लोणी आणि साखर फेसायची, मग अंडं घालायचं, मग मैदा. अंडं नको असेल तर दोन-तीन चमचे दूध, गोळा होईल इतकंच. पोळीच्या कणकेसारखं मळत बसू नका, जास्त मळलं की बिस्किट कडक होतं. गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर आपल्याकडच्या डिसेंबरच्या गार रात्री तो बाहेर झाकून ठेवला तरी घट्ट होतो, मग पहाटे मुलांना उठवून कामाला लावा. लाटताना पोळपाटावर मैदा भुरभुरा आणि पोळी पाव इंचापेक्षा थोडी पातळ ठेवा. फार पातळ लाटली की मुलांच्या हातात फाटते आणि मग आपण चिडतो. साचे नसतील तर वाटी, स्टीलचा छोटा ग्लास, बाटलीचं झाकण, आणि करंजीचं कातण. पुठ्ठ्याचा तारा कापून पोळीवर ठेवायचा आणि कडेने कातण फिरवायचं. लहान आकार कापले तर एवढ्या पिठात तीसपेक्षा जास्त बिस्किटं होतात.

ओव्हन असेल तर 180 अंशांवर दहा-बारा मिनिटं. नसेल तर जाड बुडाचं पातेलं घ्या, तळाला वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा, मग ताटलीत बिस्किटं ठेवून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजा. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रिंग काढा, पाणी घालायचं नाही. कड किंचित तांबूस झाली की उतरवायची. गरम असताना ती मऊच लागतात, गार झाल्यावर खुसखुशीत होतात, म्हणून पुन्हा आत ठेवायची घाई करू नका. माझा पहिला घाणा याच घाईत करपला.

विस्तवाजवळ मोठ्यांनीच जायचं. कच्चं पीठ मुलांना खाऊ द्यायचं नाही, त्यात कच्चं अंडं आणि कच्चा मैदा असतो. एवढ्या दोन गोष्टी तुमच्या. बाकी मुलांच्या. तीन वर्षांच्या मुलाला साचा दाबता येतो आणि मनुका लावता येतो. पाच वर्षांची मुलगी वाटीने मैदा मोजू शकते. सात-आठ वर्षांचं मूल लाटू शकतं. पोळी भारताच्या नकाशासारखी होईल, होऊ द्या. वेळ म्हणाल तर अर्धा तास गोळा थंड व्हायला लागतो. त्या अर्ध्या तासात लूकचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचा. तो वाचायला पाच-सात मिनिटं पुरतात, बाकीचा वेळ मुलांच्या प्रश्नांना. मेंढपाळ रात्री का जागे होते? गव्हाणी म्हणजे काय? धर्मशाळेत जागा का नव्हती? उत्तर येत नसेल तर रविवारी मला विचारा, मला आनंद होईल.

आणि बाबांनो, हे सगळं आयांना उद्देशून लिहिलंय असं समजू नका. यिर्मयाच्या त्या वाईट दाखल्यातसुद्धा विस्तव पेटवायचं काम बापांचं होतं. सुट्टीच्या दिवशी दोन तास स्वयंपाकघरात उभं राहिल्याने कुणाचं काही कमी होत नाही. पसारा कोण आवरणार, याचं उत्तर तुम्ही आहात.

चौथा आक्षेप सगळ्यात गोड आहे, म्हणून सगळ्यात धोक्याचा: "स्पर्धेने मुलांना प्रोत्साहन मिळतं. सुबक करायला शिकतात."

कोणत्या मुलाला मिळालं? जी झोपली होती तिला? तिला त्या रात्री काय शिकवलं गेलं ते शब्दांत मांडून बघतो. तुझा हात चांगला नाही. तुझ्या हातचं लोकांपुढे ठेवण्यासारखं नाही. आम्ही तुझ्यासाठी करतो आणि तुझं नाव लावतो, तू फक्त पुढे येऊन टाळ्या घे. हे तिच्या आईने म्हटलं नाही, कोणतीच आई म्हणणार नाही. पण मूल तेच शिकतं. आणि मोठं झाल्यावर ते मूल देवापुढेही तसंच येतं. आपलं वेडंवाकडं जे आहे ते घेऊन यायचं धाडस त्याला होत नाही. दुसऱ्याने सजवलेलं काहीतरी पुढे करतं, नाहीतर येतच नाही. प्रायश्चित्त संस्काराला तरुण का येत नाहीत, यावर आपण सभा घेतो. त्यातला थोडा भाग अशा टेबलांवर सुरू होतो, असं मला आता वाटू लागलं आहे.

योहानच्या सहाव्या अध्यायातला मुलगा आठवा. त्याच्याकडे जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. जव हे गरिबांचं धान्य. अंद्रियाने त्याला पुढे आणलं आणि लगेच शंका काढली की एवढ्या लोकांना हे कसं पुरणार. प्रभूने ते हातात घेतलं आणि आभार मानले. आधी कुणी जाऊन बाजारातून बरं काही आणा, मग बघू, असं म्हटलं नाही. हजारो लोक जेवले ते त्या मुलाच्या शिदोरीवर. आपल्या टेबलावर तो मुलगा आला असता तर आम्ही परीक्षकांनी त्याला दहापैकी किती दिले असते?

सुबकपणाला माझा विरोध नाही. ज्या भगिनींचा हात सुंदर चालतो त्यांनी आपली कला जरूर करावी, स्वतःच्या नावाने करावी, त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा घ्या, मी टेबल मांडायला येईन. त्या हिमकणांच्या मागे एका थकलेल्या आईची रात्र आहे, आणि आपल्या मुलीचं कौतुक व्हावं हीच त्यामागची माया आहे, हेही मला कळतं. तिला दोष देत नाही. असं केलं तरच कौतुक होतं, ही रीत आम्ही लावली. म्हणून रीत आम्हीच मोडतो.

यंदा असं करू. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, गुलाबी मेणबत्तीच्या म्हणजे आनंदाच्या रविवारी, मिस्सानंतर हॉलमध्ये पोळपाट-लाटणी घेऊन या. पीठ धर्मशिक्षण वर्गातर्फे मळून ठेवू, कुणी वर्गणी द्यायची नाही. कातण असेल तर आणा, नसेल तर वाटी पुरे. मुलं लाटतील, कापतील, मनुके लावतील. मोठी माणसं भाजतील. एकच नियम असेल: मुलाने कापलेला तारा मोठ्याने पुन्हा कापायचा नाही. ज्याला हात आवरणार नाही त्याने चहाच्या टेबलावर जावं. गुण नाहीत, नंबर नाहीत.

आणि जी बिस्किटं होतील त्यांतली अर्धी मुलांनी घरी न्यायची, अर्धी द्यायची. कुणाला? दिवाळीत शेजारच्या काकूंनी फराळाचं ताट पाठवलं होतं ना? त्या ताटातली करंजी त्यांच्या घरी केलेली होती. आपण नाताळात त्यांना छापील खोका देतो. यंदा मुलाने स्वतः ताट घेऊन जावं, दार वाजवावं आणि सांगावं, "हे मी केलंय." काकू विचारतील, "हा काय आहे रे, मासा का?" मूल म्हणेल, "नाही काकू, तारा आहे," आणि ताऱ्याची गोष्ट सांगेल. सुवार्ता सांगायला याहून सोपी वाट मला ठाऊक नाही. छापील खोक्याला कुणी असा प्रश्न विचारत नाही.

गेल्या वर्षीचं बक्षीस जिला मिळालं त्या छोटीला मी परवा विचारलं, यंदा येणार ना? ती म्हणाली, "मला येत नाही, सर." मी म्हटलं, "मलाही येत नाही. दोघं शिकू." ती हसली. तिची आई बाजूला उभी होती. तीही हसली, आणि मग म्हणाली, "मी चहाच्या टेबलावर बसते." मला वाटतं, तिने मला माफ केलं.

बेथलेहेम या शब्दाचा अर्थ भाकरीचं घर असा आहे. ज्या घरात पीठ आहे, विस्तव आहे आणि मुलाला लाटण्याला हात लावायची परवानगी आहे, ते घर या दिवसांत बेथलेहेमच्या जरा जवळ असतं.

हे प्रभू येशू, तूही एकदा लहान होतास. नासरेथच्या घरात मरियेच्या कणकेत आणि योसेफच्या भुश्शात तुझेही हात भरले असतील, आणि त्यांनी ते हात बाजूला केले नसतील. आम्हांला तसा धीर दे. आमच्या मुलांनी जे वेडंवाकडं केलं ते आम्हांला गोड लागू दे, आणि आमचं वेडंवाकडं तू गोड मानून घे. आमेन.

तिसऱ्या रविवारी भेटू. लाटणं विसरू नका.